खिळ्यांवरची माणसं

सरांचा चेहरा कसा होता, हे मला आजही सांगता येत नाही. आणि मी काही वेंधळी बाई नाही. अमरावतीत घराच्या पुढच्या खोलीत पिको-फॉलचं काम करते मी. चार वर्षांपूर्वी कुणाच्या साडीला कोणत्या रंगाचा फॉल लावला ते विचारा, तेच रीळ काढून हातात देईन. पण ज्या माणसासमोर आठवड्यातले तीन दिवस, असं दीड वर्ष बसले, त्याचं नाक सरळ होतं का बसकं, ते डोळ्यांसमोर येत नाही. उंची मध्यम. रंग आपल्याकडे चारचौघांचा असतो तसा. दाढी-मिशी नाही. वय पन्नास असेल, पस्तीसही असेल. क्लासला येणाऱ्या दुसऱ्या आयांनाही विचारून पाहिलं. प्रत्येकीनं वेगळं वर्णन केलं आणि प्रत्येकीला आपलंच खरं वाटत होतं.

त्यांचा पंचा तेवढा सगळ्यांना आठवतो. पांढरा, ओला, कायम डाव्या खांद्यावर. शर्टाचा तो खांदा बाराही महिने भिजलेला असायचा.

बडनेरा रोडला पिठाच्या एका गिरणीच्या वर त्यांची लांबट खोली होती. गिरणी चालू असली की वरची फरशी पायाखाली गुणगुणायची. चारला गिरणी बंद व्हायची, मग क्लास सुरू. खोलीत आरसा नाही, देवाचा फोटो नाही, कॅलेंडर नाही. भिंतीवर खिळ्यांची रांग आणि प्रत्येक खिळ्याला एकेक माणूस. म्हणजे कपडेच, पण नुसते कपडे म्हणवत नव्हते. कंडक्टरचा खाकी शर्ट, त्याच्या बरोबर खाली बूट. डॉक्टरचा पांढरा कोट, खाली सँडल. न्हाव्याचा सदरा, खाली झिजलेल्या स्लिपर. एका खिळ्यावर जरीकाठाची साडी आणि खाली बायकी चपला, ती लग्नात भेटणारी मावशी. उजेड कमी व्हायला लागला की सगळे भिंतीला पाठ टेकून उभे आहेत असं वाटायचं. मी त्यांच्याकडे कधी पाठ करून बसले नाही.

शेवटचा खिळा रिकामा होता. एकदा मी विचारलं, "सर, हा कुणाचा?"

"माया," म्हणाले, म्हणजे माझा, आणि पोरांची सतरंजी झटकायला लागले.

मी तिथं गेले ती मयूरसाठी; माणसांना बिचकणाऱ्या पोरांचा क्लास म्हणून कुणीतरी पत्ता दिला होता. मयूर माझा मुलगा, तेव्हा अकरा वर्षांचा. तो तीन वर्षांचा असताना डॉक्टर म्हणाले ऑटिझम. सासूबाई म्हणाल्या, कशाचं काय, बापावर गेला आहे, मोजकं बोलतो. तो बोलायचा, पण आपलं बोलायचा नाही, ऐकलेलं बोलायचा. टीव्हीवर बातम्या देणारी बाई, भंगारवाला, मी, सगळे त्याच्या तोंडून जसेच्या तसे बाहेर यायचे, आवाजासकट. कुणी प्रेमानं "नाव काय बाळा?" विचारलं की मात्र तोंड भिंतीकडे.

त्याचे बाबा अकोल्याला बियाण्यांच्या एका गोदामात स्टोअरकीपर होते. रोजचं अप-डाऊन. सकाळी सव्वासातची एसटी, आणि संध्याकाळी सहा चाळीसला बडनेरा रोडच्या थांब्यावर उतरायचे. मयूर आणि मी घ्यायला जायचो. एका हिवाळ्यात गाडी चुकली म्हणून ते सोबत्याच्या मोटरसायकलवर मागे बसले, आणि मूर्तिजापूरपाशी ट्रकखाली आले. घरी आणलं तेव्हा मी मयूरला शेजारी पाठवून दिलं, बघू दिलं नाही. ही माझी पहिली चूक. दुसरी सासूबाईंची आणि माझी मिळून. आम्ही त्याला सांगितलं, बाबा देवाच्या घरी गेले.

तो म्हणाला, "कितीच्या गाडीनं येतील?"

आम्ही कुणी उत्तर दिलं नाही. मग त्यानं त्याच्याकडे होतं ते जुनंच उत्तर धरून ठेवलं, सहा चाळीस. रोज थांब्यावर जाऊन उभा राहायचा, तोही कडेला नाही, रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीवर. अकोल्याची गाडी दिसली की दोन पावलं पुढे. लोकांनी दोनदा ओढून काढला. घरात कोंडला तर डोकं ग्रीलवर आपटायचा, रक्त निघेपर्यंत. हे थांबलं नाही तर पोरगं एक दिवस बापाच्याच वाटेनं जाणार, हे मला लख्ख दिसत होतं. बाकी नमस्कार करणं, चारचौघांत बसणं, गेलं खड्ड्यात. मला त्याचा तो थांबा सुटायला हवा होता.

पहिल्या दिवशी जिना चढून गेलो तर दार उघडलं एसटीच्या कंडक्टरनं. मला वाटलं पत्ता चुकला.

"चला, आत सरका," तो म्हणाला. "कुठी?"

तिकिटाचं मशीन पुढे. नाकातला तो कंटाळलेला आवाज, एका पायावर टाकलेला भार, माझ्याकडे न बघता माझ्या मागच्या न दिसणाऱ्या गर्दीकडे बघणं. मला खरंच आपण गाडीत चढलो असं वाटलं आणि मी दांडा धरायला हात वर केला. आणि माझ्या मागून मयूर बोलला, "अकोला. एक." त्याच्या बाबांच्या आवाजात. परक्या माणसाच्या प्रश्नाला त्यानं जन्मात दिलेलं ते पहिलं उत्तर.

कंडक्टरनं चिठ्ठी फाडून त्याच्या हातात दिली. मग पंचा घेतला, कपाळापासून हनुवटीपर्यंत एकदाच फिरवला आणि म्हणाला, "मी सर. सोंग संपलं. बिदागी?"

मी पर्स उघडली. त्यांनी हात मागे घेतला. "तुमची नाही ताई. त्याची."

मयूरनं बराच वेळ लावला. मग तीच चिठ्ठी परत त्यांच्या तळहातावर ठेवली. "झालं," सर म्हणाले. "कंडक्टर गेले."

घर बहुरूप्याचं होतं त्यांचं. वडील पोलीस होऊन, सावकार होऊन, दर्यापूर-भातकुलीच्या गावांमधून फिरायचे. दारात दम द्यायचा, घरच्यांची गाळण उडवायची, मग हसून सोंग उतरवायचं, बिदागी घ्यायची आणि पुढच्या घरी. भातकुलीत त्यांनी खऱ्या हवालदारालाच बिनापरवान्याचा पट्टा कसा घातला म्हणून झापलं होतं, ही गोष्ट सर सांगायचे, पण हसायचे नाहीत. त्या घराचा एक नियम होता, तो सरांनी तसाच उचलला होता. ज्याच्यासमोर सोंग घातलं त्याच्यासमोरच उतरवायचं, आणि त्याच्या हातून बिदागी घेतल्याशिवाय उंबरा सोडायचा नाही. "बिदागी देली म्हणजे त्यानं जा म्हटलं," सर सांगत. "जा म्हटल्याशिवाय सोंग जात नाही, ताई. घातलेलं सोंग उतरवाचंच खरं काम असते."

अकोल्याच्या एका विशेष शाळेत त्यांनी बरीच वर्षं काढली होती. तिथल्या चित्रांच्या कार्डांवर त्यांचा राग होता. हसरा चेहरा, रडका चेहरा, पोरांनी ओळखायचा. म्हणायचे, "असा चेहरा करून कोण फिरते हो अमरावतीत? लोकं त्या पोट्ट्याच्या अंगावर सगळे एकदम येतात. म्हणून ते भिते. मी एकेक पाठवतो."

आणि खरंच एकेक पाठवायचे. मयूर केस कापायला बसायचा नाही, झोपेत कात्री चालवावी लागायची. सर आमच्या राजापेठच्या न्हाव्याकडे चार दिवस नुसते बाकावर बसून आले. पाचव्या दिवशी खिळ्यावरचा सदरा काढला, आणि पोटाशी खुर्ची धरून उभा राहिलेला तो माणूस आमचा न्हावीच होता, मानेला झटका देऊन केस फुंकण्यासकट. तीन आठवडे नुसतं कापड बांधलं. मग नुसता कंगवा. मग कात्रीचा नुसता आवाज. शेवटी मी मयूरला खऱ्या दुकानात नेला आणि तो दगडासारखा बसून राहिला. मला रडूच फुटलं. न्हावी मात्र खुश दिसला नाही. हळूच म्हणाला, "वहिनी, ते तुमचे सर पुना नका पाठवजो माया दुकानात. ते बसून गेले तवापासून मी केस कापतो अन् मलेच वाटते, मी कोणाची तरी नक्कल करून राहिलो."

मी त्याला हसून उडवून लावलं. अंगावर काटा आला होता तो आला होता.

क्लासमध्ये सोळा वर्षांची एक मुलगी होती. फार गोड पोर, कुणीही हात धरला की त्याच्यासोबत चालायला लागायची. सरांनी तिच्यासाठी एक काका आणला. गोड बोलणारा, चॉकलेट पुढे करणारा, "आईले सांगू नको बरं" म्हणणारा. आम्ही आया भिंतीशी बसलो होतो आणि प्रत्येकीनं पदर घट्ट ओढून घेतला, कारण असा काका प्रत्येकीनं लहानपणी पाहिलेला होता. मुलीला "नाही" म्हणून दार उघडून बाहेर जायचं होतं. सहा आठवडे लागले. ज्या दिवशी ती "नाही" म्हणून गेली आणि दार धाडकन लावलं, तीच बिदागी. सरांनी त्या दिवशी तीनदा तोंड धुतलं आणि सदरा गिरणीच्या मागे नेऊन जाळला. तो काका खिळ्यावर कधीच टांगला नाही त्यांनी.

स्वतःच्या खोलीत शिरतानाही दार वाजवायचे. सोंगात असताना पाण्याचा घोटही घ्यायचे नाहीत. एकदा इतवारा बाजारात दिसले, सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत. मी "सर" म्हणून हाक मारली तर माझ्याकडे असे बघायला लागले की मीच परकी. ओठ हलत होते, आवाज नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "राग नका मानजो ताई. सोंगाबिगर मले बोलता येत नाही. लहानपणी मी मयूरच होतो. बापानं सोंगं देली म्हणून माणसात आलो. फक्त मायं सोंग द्याचं राहून गेलं त्याच्याकून."

मयूर अशानं कंडक्टरला, न्हाव्याला, मावशीला सरावला. थांबा मात्र सुटेना.

सर मला पहिल्या महिन्यापासून सांगत होते. "ताई, तुमी गेले म्हणता. गेलेला माणूस येते. म्हणून ते पोट्टं वाट पाहते. मेले म्हणा."

"मी म्हणत नाही तसलं अभद्र," मी फणकारले.

"मी सांगतो त्याले क्लासमधी. पण घरून पटत नाही तवरोक उपयोग नाही."

मग मीच एक दिवस म्हटलं, "सर, तुम्हीच या की त्याचे बाबा होऊन. येऊन सांगा त्याला, आता येणार नाही म्हणून."

त्यांनी उठून दार उघडलं, मला वाटलं हाताला धरून बाहेर काढतात. "मेलेल्याचं सोंग घेत नाही आमच्यात," म्हणाले. दुसऱ्यांदा विचारलं, तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारलं ते संत्र्याची ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरनं मयूरला घासलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, त्याचं खरचटलेलं कोपर त्यांच्यासमोर धरून. शेवटी म्हणाले, "एकडाव. तुमच्या घरी, साहा चाळीसले. येईन, बसीन, मी मेलो म्हणून सांगीन. मग बिदागी. मधात तुमी बोलाचं नाही."

मी यांचा शर्ट आणला होता पिशवीत, फोटो आणला होता. त्यांनी हातसुद्धा लावला नाही. "मले लागते ते मयूरजवळ आहे," म्हणाले.

तो दिवस बुधवार. मयूरला मी सांगितलं, आज बाबा थांब्यावर नाही, घरी येणार. तो दारासमोर स्टुलावर बसला. मी मशीनवर बसले, सुईत दोरा नसताना पाय चालवत. सहा चाळीसला ग्रीलवर किल्ली वाजली, दोनदा. हे, मयूरचे बाबा, असेच वाजवायचे. मी सरांना हे कधीही सांगितलेलं नव्हतं.

आत आले. पायरीला टाच घासून आधी डावी चप्पल काढली. "आज मूर्तिजापूरले गाडी लय थांबली," म्हणाले. मग माझ्याकडे मान तिरकी करून, "काय मॅडमबाई, मशीन चालू हाय का बंद?"

मॅडमबाई. या जगात मला एकच माणूस मॅडमबाई म्हणायचा.

मला माहीत होतं हे कुठून आलं. दीड वर्ष मयूर त्या खोलीत बसून बाबांची वाक्यं बडबडत होता, आणि सर ती एकेक उचलत होते. पोराच्या पोटात बाप जसाच्या तसा भरलेला होता. हे सगळं मला कळत होतं. पण कळून काय करता, माझा हात आपोआप केस सारखे करायला गेला होता.

मयूर त्यांच्यापासून दोन हात अंतरावर येऊन उभा राहिला आणि त्यांच्या कानाकडे बघू लागला, तो बघतो तसा. ते म्हणाले, "मयूर, आयकजो बेटा, मी..."

"थांबा," मी म्हटलं. "चहा टाकते. चहा घेऊन बोला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे सरांचे होते, विनवत होते. मी नजर काढून घेतली आणि आत गेले. साखर कमी घातली, यांना लागायची तशी. कप त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "प्या." सोंगात पाणी न पिणारा माणूस, पण तो चहा प्यायला.

मग मी बोलले. लाज वाटते सांगायला, पण वीस मिनिटं मी एकटीच बोलले. सासूबाई नणंदेकडे राहायला गेल्या ते, मशीनची मोटर जळली ते, मयूर आता न्हाव्याकडे बसतो ते. तुम्ही मोटरसायकलवर बसलेच काऊन, ते. ते हं, हं करत होते. बाहेरचा उजेड गेला तरी मी दिवा लावला नाही. आणि त्या काळोखात ते हळूच म्हणाले, "दुखलं नाही मले."

हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. डॉक्टरला नाही, सोबत्याला नाही, देवाला नाही. मयूरच्या पोटातही हे वाक्य असायचं कारण नव्हतं. दोन वर्षं मी रोज हेच एक मनात विचारत होते.

मी उठून त्यांच्या पायाशी बसणार, तेवढ्यात न्हाणीत नळ वाजला. मयूर नॅपकिन ओला करून आला, टपटप पाणी गाळत. त्यांच्यासमोर उभा राहिला आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत एकदाच पुसलं. म्हणाला, "सोंग संपलं." सरांच्या आवाजात. मग खिशातून काहीतरी काढून त्यांच्या हातात ठेवलं. दिवा लावून पाहिलं तर तो एसटीचा पास होता, यांचा, प्लास्टिकच्या कव्हरातला. दोन वर्षं मी तो शोधत होते.

"बाबा कुठी हायेत, मयूर?" सरांनी विचारलं.

"बाबा मेले. मूर्तिजापूरले."

दुसऱ्या दिवशी सहा चाळीसला मयूर पायरीवर बसून संत्रं सोलत होता. थांबा सुटला होता. एवढंच मला हवं होतं, आणि ते मिळालं होतं.

इथे थांबता आलं असतं तर बरं होतं. पुढच्या क्लासला सर डॉक्टर झाले, पंचा फिरवला, आणि सतरंजीवर येताना टाचेनं डावी चप्पल काढली. माझ्याकडे मान तिरकी झाली. "काय मॅडमबाई," म्हणाले, आणि लगेच पंचा तोंडावर दाबून धरला. बराच वेळ धरला.

क्लास सुटल्यावर मला थांबवून म्हणाले, "ताई, बिदागी द्या. त्या दिवशीची. पोरानं त्याची देली. सोंग दोघांसमोर होतं, तुमची राहिली."

"देते ना," मी म्हटलं. "घाई काय आहे?"

हे त्यांनी चारदा मागितलं आणि चारदा मी टाळलं. मी काही भोळी नव्हते. जा म्हटल्याशिवाय सोंग जात नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मी क्लासला अबोली रंगाची साडी नेसून जायला लागले, यांच्या आवडीची. तो कप मी धुतला नव्हता, रिळांच्या मागे ठेवला होता. आता लिहिताना माझा मलाच संताप येतो, पण तेव्हा आठवड्यातले तीन दिवस मला नवरा होता.

मग सरांनी क्लासला महिन्याची सुटी दिली. सुटी संपली त्या दिवशी जिना चढून गेलो तर दार उघडं, भिंतीवर नुसते खिळे. खाली गिरणीवाला म्हणाला, "सर? ते तर रोज सव्वासातच्या गाडीनं अकोल्याले जातात, संध्याकाळी येतात. मले वाटलं नोकरी लागली."

त्या संध्याकाळी सहा चाळीसला आमच्या ग्रीलवर किल्ली वाजली, दोनदा. मी मशीनवर होते. हौसेनं साडी नेसणारी मी, पण उठून कडी काढायची मला हिंमत झाली नाही. पुन्हा दोनदा वाजली. मयूर जेवत होता. मान वर न करता म्हणाला, "बिदागी द्या, ताई." सरांच्याच आवाजात. थोड्या वेळानं पायरीवर टाच घासल्याचा आवाज आला आणि पावलं लांब गेली.

सकाळी मी कप पिशवीत घातला. एसटीत कंडक्टर समोर आला, "कुठी?" मी तोंड उघडायच्या आत मयूर म्हणाला, "अकोला. दोन."

गोदामाच्या फाटकाशी लिंबाखाली दगडी बाक आहे. हे दुपारचा डबा तिथे खायचे. सर तिथे बसले होते, गुडघ्यावर गुडघा टाकून, अंगठ्यानं घड्याळाची काच चोळत. चौकीदार जुना, मला ओळखणारा. तो म्हणाला, "वहिनी, हे साहेबांचे भाऊ का? महिना झाला, रोज येतात. आत येत नाहीत. मी पयल्या दिवशी पाहिलं तं मायं काळीज हाललं, एवढे सारखे दिसतात."

मी जवळ गेले. त्यांनी मान तिरकी केली. भर दुपारी, कडक उन्हात, ते हेच होते, मयूरचे बाबा. खरंच दुखलं नाही का, एवढं एकदा विचारावं असं माझ्या ओठांवर आलं. विचारलं असतं तर पुन्हा वीस मिनिटं गेली असती, आणि मग आयुष्य.

खांद्यावरचा पंचा ओढला. कोरडा ठणठणीत होता. चौकीदाराच्या माठातलं पाणी त्यावर ओतलं आणि त्यांचं तोंड पुसलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

"मयूरचे बाबा मेले," मी म्हटलं. तो शब्द तोंडातून निघाला तेव्हा दातांना लागला. "मूर्तिजापूरपाशी मेले. ते आता येणार नाहीत. सोंग संपलं, सर." आणि तो न धुतलेला कप त्यांच्या हातात दिला.

ते कपाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे पाहिलं, बाजारात पाहिलं होतं तसं, मी कुणीतरी परकी असल्यासारखं. ओठ हलले. उठले, उजवी चप्पल आधी घातली, आणि कप घेऊन स्टँडच्या उलट्या दिशेला चालायला लागले. त्यांचा स्वतःचा चेहरा मी त्या वेळी वीतभर अंतरावरून पाहिला. तोच मला आठवत नाही. नंतर सर अमरावतीत कुणाला दिसले नाहीत, आणि क्लासमधल्या त्या सोळा वर्षांच्या मुलीच्या आईनं अकोल्यातही चौकशी केली, तिथेही नाही.

परतीच्या गाडीत मयूर खिडकीशी बसला होता. मूर्तिजापूरला गाडी थांबली, चहावाले चढले. मी डोळे मिटून घेतले होते.

"आज मूर्तिजापूरले गाडी लय थांबली," माझ्या शेजारी हे म्हणाले.

मी डोळे उघडले. मयूरनं दप्तरातून प्लास्टिकची पिशवी काढली होती, त्यात ओला नॅपकिन होता, घरून आणलेला. तो त्यानं माझ्या मांडीवर ठेवला, डोळे मिटले आणि तोंड पुढे केलं.

मी पुसलं. कपाळ, डोळे, नाक, नुकती फुटू लागलेली लव, हनुवटी. त्याला हात पुढे करायला लागला नाही. मीच माझं तिकीट त्याच्या तळहातावर ठेवलं आणि मूठ मिटली.

तो थोडा वेळ खिडकीबाहेर बघत होता. मग बोलला. तो आवाज बातम्यांच्या बाईचा नव्हता, सरांचा नव्हता, यांचाही नव्हता. जरा घोगरा, जरा फुटका, मी आजवर कधी न ऐकलेला.

"आई, मले भूक लागली."

माझ्या पिशवीत दोन केळी होती.